पहिल्या मेलेल्या कोंबडीची खबर : बर्ड फ्लू आणि शासनाचा हिशेब

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय कोंबडीचा आहे, म्हणून निमंत्रण वाचताना काहींना गंमत वाटली असेल. पण साथीच्या रोगात शासन कसं वागतं, हे समजून घ्यायला कोंबडीइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. माणसाच्या साथीत भावना असतात, राजकारण असतं, दवाखान्यांचे प्रश्न असतात. कोंबडीच्या साथीत उपाय एकच असतो, मारा आणि पुरा. त्यामुळे शासन कुठे चपळ आहे आणि कुठे अडतं, ते उघडं दिसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट बघावी लागणार नाही. बर्ड फ्लूच्या बाबतीत आपलं शासन कोंबड्या मारण्यात तरबेज झालेलं आहे. पण पहिली कोंबडी मेल्याची खबर लवकर मिळवणं त्याला अजून जमलेलं नाही. याला शेतकऱ्याचं अज्ञान जबाबदार आहे असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. याचं मोठं कारण खुद्द भरपाईच्या नियमात आहे, आणि तो नियम बदलता येण्यासारखा आहे.

सुरुवात नवापूरपासून करू. नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या अगदी सीमेवरचं गाव. इतकं सीमेवरचं, की तिथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. आजूबाजूला आदिवासी पाडे, आणि गावाभोवती मोठमोठे लेयर फार्म, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या ठेवणाऱ्या पोल्ट्री. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेनं नवापूरच्या नमुन्यांत एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितलं. भारतातली ही पहिली नोंद.

आता तारखा नीट बघा. निदान १८ फेब्रुवारीला झालं. पक्षी मरायला लागले होते जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मधले तीन आठवडे काय चाललं होतं? तर ही मरतूक ‘राणीखेत’ची आहे, असं धरून सगळे चालले होते. राणीखेत म्हणजे आपल्याकडे खेड्यात जिला मानमोडी म्हणतात तो रोग. तो जुना, ओळखीचा, त्याची लस आहे. त्यातही पक्षी पटापट मरतात, त्यातही मान वाकडी होते, श्वास लागतो. नुसतं बघून दोन्हींत फरक करणं अनुभवी डॉक्टरलाही अवघड जातं. त्यामुळे पहिला अंदाज चुकला, याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. पण चुकीचा अंदाज तीन आठवडे टिकतो, तेव्हा तो टिकवण्यात कुणाकुणाची सोय होती हेही विचारायला हवं. राणीखेत असेल तर अंडी विकता येतात. राणीखेत असेल तर शेजारचा फार्म बंद होत नाही. राणीखेत असेल तर अधिकाऱ्याला धावपळ करावी लागत नाही. एका शब्दात सगळ्यांची सोय होत होती. निदान झाल्यावरसुद्धा उद्योगातून ‘हे राणीखेतच आहे’ असं म्हणणारे होतेच.

निदानानंतर मात्र शासन झपाट्यानं हललं, आणि हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी पक्षी मारायला सुरुवात झाली. बाधित ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवायची, असा आदेश होता. काही लाख पक्षी मारले गेले, अंडी नष्ट केली गेली. पलीकडे गुजरातमधल्या उच्छलमध्येही तेच झालं. मारणाऱ्या पथकांना संरक्षक पोशाख दिले, विषाणूविरोधी गोळ्या दिल्या. संशयित माणसांना वेगळं ठेवून तपासलं. माणसात एकही रुग्ण निश्चित झाला नाही. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे साथ पुन्हा निघाली, तीही आवरली. ऑगस्टमध्ये भारतानं स्वतःला रोगमुक्त जाहीर केलं. सरकारी अहवालांत नवापूर यशोगाथा म्हणून येतं, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही आहे.

पण याच काळात शासन दोन तोंडांनी बोलत होतं. एकीकडे सांगत होते, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, ७० अंशांवर शिजवलेली कोंबडी पूर्ण सुरक्षित आहे. पुढारी मंडळी व्यासपीठावर तंगडी खाऊन दाखवत होती. (हशा) दुसरीकडे रेल्वेनं आपल्या जेवणातून कोंबडी आणि अंडी काढून टाकली. आता सामान्य माणूस कशावर विश्वास ठेवेल? भाषणावर की ताटावर? ताटावरच. देशभर बाजार कोसळला. ज्या जिल्ह्यांत एकही पक्षी आजारी नव्हता, तिथल्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं. या नुकसानीला भरपाईच्या नियमात जागा नव्हती.

इथे क्षणभर रोगाकडे वळू, कारण पुढचा मुद्दा त्याशिवाय कळणार नाही. बर्ड फ्लूचा हा तीव्र प्रकार कोंबड्यांत शिरला की तुरा निळा पडतो, तोंड सुजतं, आणि कित्येकदा काही लक्षण दिसण्याआधीच पक्षी मेलेला सापडतो. शेडमध्ये एकदा शिरला की बहुतेक पक्षी काही दिवसांत जातात. विषाणू विष्ठेतून, नाकातोंडाच्या स्रावातून बाहेर पडतो. मग तो बुटांना लागतो, अंड्यांच्या ट्रेला लागतो, खाद्याच्या गाडीच्या चाकांना लागतो. रानपक्षी त्याला लांबवर आणत असतील, पण एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर त्याला आपणच पोचवतो. म्हणजे इथे प्रत्येक दिवस मोलाचा. पाचव्या दिवशी कळलं तर एक शेड. पंधराव्या दिवशी कळलं तर एक तालुका.

म्हणून सगळ्या व्यवस्थेचा पाया एकच आहे. पहिल्या मरतुकीच्या दिवशी मालकानं फोन उचलला पाहिजे. आणि माझा प्रश्न असा, की त्यानं फोन उचलावा यासाठी आपण त्याला काय देऊ केलं आहे?

कायद्यानं काय दिलंय ते आधी बघू. २००९ मध्ये केंद्रानं प्राण्यांमधील संक्रामक आणि सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. त्यानुसार रोगाचा संशय आला की कळवणं मालकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे दंडुका आहे.

आता पैसे. भरपाईचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. २०२१ च्या साथीत महाराष्ट्रात जे दर लागू होते ते असे. आठ आठवड्यांवरच्या लेयर पक्ष्याला ९० रुपये, त्याखालच्या पिल्लाला २०. सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७०, त्याखालच्याला २०. अंड्याला ३ रुपये. नष्ट केलेल्या खाद्याला किलोला १२ रुपये.

यातला लेयरचा दर शासनाच्याच आकड्यांनी तपासू. अंड्यावर येण्याआधी, म्हणजे साधारण साडेचार महिन्यांत, एक पक्षी कमीत कमी सहा किलो खाद्य खातो. शासनाच्या दरानं १२ गुणिले ६, झाले ७२ रुपये. पिल्लू शासनाच्याच दरानं २० रुपयांचं. बेरीज ९२. म्हणजे लस, औषध, वीज, मजुरी आणि शेडच्या कर्जाचा हप्ता यांतलं काहीही न धरता, आणि खाद्य बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त धरूनसुद्धा, ९० रुपये कमी पडले. आणि पक्षी नुकता अंड्यावर आलेला असो की दीड वर्ष अंडी देऊन संपत आलेला असो, दर तोच. उद्या दर वाढले तर आनंदच आहे. पण माझा मुख्य मुद्दा दराचा नाही, रीतीचा आहे.

रीत अशी आहे, की भरपाई फक्त पथकानं मारलेल्या पक्ष्यांची मिळते. रोगानं आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही.

वरवर हे योग्यच वाटतं. यामागचा सरकारी युक्तिवादही मी तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, मेलेल्यांचे पैसे दिले तर कोणीही कुठल्याही कारणानं मेलेल्या कोंबड्या बर्ड फ्लूच्या नावावर दाखवेल. आणि मेलेल्यांचे पैसे मिळणार नाहीत हे माहीत असलं, तर मालक जास्त पक्षी मरायच्या आत धावत कळवायला येईल. म्हणजे हा नियमच लवकर कळवण्याचं बक्षीस आहे.

कागदावर हे बरोबर आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे कळवणं आणि मारणं एकाच दिवशी होतं. तसं होत नाही. मधे भोपाळ आहे.

२०२१ च्या जानेवारीतलं परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा गाव घ्या. महिला बचत गटानं चालवलेली पोल्ट्री, सुमारे ८,००० पक्षी. आठ जानेवारीच्या आसपास दोनेक दिवसांत ८०० ते ९०० पक्षी मेले. नमुने गेले. ११ तारखेला बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झालं. मग एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारण्याचे आदेश निघाले. २००६ च्या मानानं हे फारच वेगवान, आणि त्याचं श्रेय गावाला आणि जिल्हा प्रशासनाला द्यायला हवं. पण इतक्या वेगवान प्रकरणातसुद्धा मधे दिवस गेले. त्या दिवसांत विषाणू निकालाची वाट बघत थांबत नाही.

एक कल्पित हिशेब मांडतो. समजा ५,००० लेयरचा फार्म आहे. सोमवारी सकाळी ३०० पक्षी मेलेले दिसले. मालक शहाणा आहे, त्यानं लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं. नमुना आधी जिल्ह्याला, मग पुण्याला, मग भोपाळला. निकाल गुरुवारी आला. तोवर एकूण २,००० पक्षी मेले. शुक्रवारी पथक आलं, त्यानं उरलेले ३,००० मारले. भरपाई किती? ३,००० गुणिले ९०, म्हणजे २ लाख ७० हजार. सोमवारी त्यानं फोन केला तेव्हा जिवंत होते ४,७००. त्यांचे झाले असते ४ लाख २३ हजार. फरक १ लाख ५३ हजार रुपयांचा.

हे १ लाख ५३ हजार कुणामुळे गेले? मालकानं तर एक तासही उशीर केला नाही. उशीर झाला नमुन्याच्या प्रवासाला, तपासणीला, आदेशाला, पथक जमवायला. म्हणजे शासनाच्या उशिराचा खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर टाकला गेला. आणि सोमवारी फोन केल्या क्षणापासून त्याची अंडी विकणं थांबलं, शेजाऱ्यांच्या शिव्या सुरू झाल्या. कारण त्याच्या एका फोननं एक किलोमीटरमधल्या सगळ्यांच्या कोंबड्या जाणार आहेत.

आता त्याच जागी दुसरा मालक बघा. त्यानं ३०० मेलेले पक्षी मागच्या मागे पुरले. धडधाकट दिसणारे हजार-दीड हजार पक्षी मिळेल त्या भावानं व्यापाऱ्याला दिले. अंडी विकत राहिला. मानमोडी असावी म्हणाला. चार पैसे हातात आले. त्या गाडीबरोबर विषाणू तीन बाजारांत गेला, ते त्याला कधी कळणारही नाही.

मी या दुसऱ्या माणसाचं समर्थन करत नाही. पण नियमानं या दोघांपैकी कुणाला बरं वागवलं? ज्या नियमात प्रामाणिक माणूस खात्रीनं तोट्यात जातो, तिथे शिक्षेचा धाक कामाला येत नाही. बाराशे कोंबड्यांच्या शेडवर रोज पोलीस पाठवता येत नाही.

घरगुती कोंबड्यांची गोष्ट तर याहून अवघड. जळगावात २००६ मध्ये साथ मुख्यतः परसातल्या कोंबड्यांत होती. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये, बीरभूमपासून सुरू होऊन, ती अशीच गावोगावच्या घरगुती कोंबड्यांत पसरली, आणि चाळीस लाखांच्या आसपास पक्षी मारावे लागले. तिथे लोकांनी कोंबड्या लपवल्याच्या बातम्या येत होत्या. का लपवणार नाहीत? परसातली कोंबडी बाईच्या हातातला रोख पैसा असतो. पोराच्या वह्या, औषध, पाहुणा आला तर जेवण, सगळं त्या चार कोंबड्यांवर. गावठी कोंबडी बाजारात ब्रॉयलरपेक्षा कितीतरी महाग विकली जाते. तिचा दर लावताना मात्र तक्त्यात तिला वेगळी ओळ नाही. आणि बाईच्या दृष्टीनं बघा. तिची कोंबडी चांगली दाणे टिपतेय, अंगणात फिरतेय, आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं येऊन म्हणतात, ही द्या. का द्यायची हे तिच्या बोलीत कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरा वर्ग आहे करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांचा. आज ब्रॉयलरचा मोठा धंदा करारावर चालतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. त्याला किलोमागे ठरलेला संगोपनाचा मोबदला मिळतो. साथ आली की पक्ष्याच्या मालकाला भरपाई, हे सूत्र. पण इथे कागदावर पक्ष्याचा मालक कोण? कंपनी. ज्याचं शेड पुढचे कित्येक महिने रिकामं राहणार, ज्याला बँकेचा हप्ता चुकणार नाही, त्याचं नाव या सूत्रात कुठे बसतं? आणि मरतूक पहिल्यांदा दिसते ती याच माणसाला. खबर देणारा तोच आहे. त्याला देण्यासारखं आपल्याकडे काही नाही.

मग करायचं काय? टीका करून उठून जाणं सोपं असतं, म्हणून तीन ठोस गोष्टी मांडतो.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची. भरपाईची मोजणी पक्षी मारल्याच्या दिवशी न करता, खबर दिल्याच्या दिवशी करा. फोन आला की त्याच दिवशी पशुधन विकास अधिकारी आणि ग्रामसेवकानं जाऊन जिवंत पक्ष्यांचा पंचनामा करायचा. खाद्याची आणि अंड्यांची वही असतेच, त्यावरून आकडा पडताळता येतो. पुढे निकाल बर्ड फ्लूचा आला तर त्या दिवशी जिवंत असलेल्या प्रत्येक पक्ष्याचे पैसे. निकाल दुसरा आला तर काही नाही. खोट्या दाव्यांची शासनाला जी भीती आहे तिलाही यात उत्तर आहे, कारण खबर देण्याआधी मेलेल्यांचे पैसे तेव्हाही मिळणार नाहीत. लवकर कळवण्याचं बक्षीस तेव्हा खरं बक्षीस होईल.

दुसरी. संगोपन करणाऱ्याला त्याच्या नावानं ठरावीक रक्कम द्या, आणि गावठी कोंबडीला तक्त्यात वेगळी ओळ द्या. ही रक्कम पथक दारात आलेलं असतानाच ठरलेली असावी, कचेरीत खेटे घालून मिळणारी नसावी.

तिसरी. प्रत्येक साथीनंतर जाहीर हिशेब मांडा. पहिली मरतूक कधी, पहिली खबर कधी, नमुना कधी निघाला, निकाल कधी आला, पथक कधी पोचलं, पैसे कधी पोचले. सहा तारखा. सध्या बातम्यांत आपल्याला एकच आकडा मिळतो, इतके पक्षी शास्त्रोक्त पद्धतीनं नष्ट करण्यात आले. हा आकडा जितका मोठा तितकं काम मोठं, असं वाटायला लागतं. खरं तर तो आकडा जितका मोठा, तितकी खबर उशिरा आली असण्याची शक्यता जास्त.

२०२१ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू पुन्हा नवापुरात आला. पंधरा वर्षांनी, त्याच गावात, आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. विषाणू परत येणार हे खरंच आहे, तो आपल्या हातात नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं मेले. पुढच्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले. आपल्या हातात फक्त मधले दिवस कमी करणं आहे. ते दिवस पोल्ट्रीवाल्याच्या विश्वासानं कमी होतील, आणि त्याचा विश्वास पंचनाम्याच्या तारखेवर ठरेल.



प्रश्न : माणसांना लस दिली तशी कोंबड्यांना का देत नाहीत?

उत्तर : देता येते. चीनमध्ये अनेक वर्षं देतात, फ्रान्सनं ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली. भारताचं धोरण मात्र या तीव्र प्रकारासाठी लस न देता पक्षी मारण्याचं राहिलेलं आहे. भीती अशी, की लस घेतलेला पक्षी आजारी दिसत नाही पण विषाणू सोडत राहू शकतो, आणि निर्यातीलाही अडचण येते. या भीतीत तथ्य आहे. पण लस द्यायची ठरवली तरी बारकाईची निगराणी लागणारच, आणि निगराणी म्हणजे पुन्हा शेतकऱ्यानं वेळेवर कळवणं. लस आली म्हणून माझा मुद्दा संपत नाही.

प्रश्न : एवढे पैसे शासनानं आणायचे कुठून?

उत्तर : मघाच्या हिशेबात फरक होता १ लाख ५३ हजारांचा, एका फार्मचा. तो फार्म गप्प बसला आणि साथ आणखी दहा फार्मवर गेली, तर त्या दहांची भरपाई शासनालाच द्यायची आहे. वर पथकं, पोशाख, औषधं, आणि बाजार पडल्यावर होणारं नुकसान वेगळंच. लवकर दिलेले पैसे शासनाला स्वस्त पडतात.